रावजी ड्रायव्हरच्या अकरा फेऱ्या

आमच्या किनाऱ्याला आगगाडी नाही. मुंबईला जायचं तर रेवसला लाँच धरायची, भाऊच्या धक्क्याला उतरायचं, आणि आगगाडी बघायची ती त्यानंतर. थळच्या अलीकडच्या आमच्या गावात कितीतरी माणसं आगगाडी न बघता जगली, म्हातारी झाली आणि गेली, आणि त्यांचं काही अडलं नाही. मात्र आगगाडीचा ड्रायव्हर आमच्या गावात होता. शेजारच्या सात गावांत तो नव्हता. त्याचं नाव रावजी.

रावजी ड्रायव्हर नव्हता, ही गोष्ट गावाला माहीत नव्हती. रावजीला होती.

मुंबईच्या एका इंजिनशेडमध्ये त्यानं अठ्ठावीस वर्षं काढली, एवढं खरं. तिथं तो इंजिनं पुसायचा. लांबून धावून आलेलं इंजिन शेडमध्ये उभं राहिलं की रावजी आणि त्याच्यासारखे दहावीस जण तेलात बुडवलेले सुताचे बोळे घेऊन त्याला भिडायचे. चाकं, दांडे, पितळी नळ्या, पोटाखालची काजळी. रावजीचा हात फिरला नाही असा वीतभर भाग त्या इंजिनांवर नव्हता. चढून, वाकून, पालथं पडून सगळं लख्ख करायचं आणि खाली उतरायचं. मग दुसरा कोणीतरी येऊन वर चढायचा आणि इंजिन घेऊन निघून जायचा.

तो खोटं बोलला, असंही नाही. त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलीच्या मामानं विचारलं, मुलगा रेल्वेत काय करतो. उत्तर दिलं ते रावजीच्या बापानं, धर्माजीनं. धर्माजीचा जन्म गेला रहाटाच्या बैलामागं. मुलगा इंजिन धुतोपुसतो हे मुलानं त्याला सांगितलं होतं, आणि धर्माजीच्या जगात जो बैलाला धुतो तोच बैल हाकतो. धुणारा एक आणि हाकणारा दुसरा, अशी कुठं रीत असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. तो म्हणाला, "इंजिन हाकतो." मामा म्हणाला, "म्हणजे ड्रायव्हर." धर्माजीनं मान हलवली. रावजी कोपऱ्यात नव्या टोपीखाली बसला होता. त्याला वाटलं, मोठी माणसं बोलतायत, आपण मध्ये कशाला बोला. लग्न झाल्यावर बायकोला सांगू.

बायको आली. तिचं नाव बायजा. पहिल्याच आठवड्यात विहिरीवरच्या बायकांनी तिला पुढं पाणी भरू दिलं, कारण ती ड्रायव्हरची बायको. बायजा घागर घेऊन परत आली ती मान ताठ करून. त्या मानेकडे बघून रावजीनं ठरवलं, सांगू पुढच्या सुटीत.

अशा पुष्कळ सुट्या आल्या आणि गेल्या. नाव मात्र माडासारखं वाढत राहिलं. लाँच चालवणारा सारंग त्याला आपल्याजवळ बसवून घ्यायचा आणि समुद्राकडे बघत म्हणायचा, "तुमचं बरं, ड्रायव्हर. रूळ चुकायची भीती न्हाय." कुणाचं घड्याळ बंद पडलं, कुणाच्या शिवणयंत्राची दोरी तुटली, तर माणसं रावजीच्या रजेची वाट बघायची. रावजी ती वस्तू हातात घेऊन आधी स्वच्छ पुसायचा. पुष्कळदा ती तेवढ्यानंच सुरू व्हायची.

अठ्ठेचाळीस साली तो नोकरी संपवून कायमचा गावी आला. मुंबई आता पाण्यापलीकडे होती आणि इंजिनं मुंबईत होती. रावजीला वाटलं, सुटलो. आता ड्रायव्हर हे नाव म्हणजे म्हाताऱ्या पैलवानाच्या अंगावरचा फेटा. कुणी कुस्ती खेळ म्हणणार नाही.

त्याच सुमारास साहेबलोक आपलं सामान विकून विलायतेला निघाले होते. मुंबईतल्या मोठ्या माणसांपैकी कुणी त्यांचा पियानो घेतला, कुणी कुत्रा घेतला. दिनानाथशेठनी आगगाडी घेतली.

दिनानाथशेठचा मुंबईत छापखाना होता आणि आमच्या गावात त्यांनी समुद्रालगतची नारळी-सुपारीची वाडी घेतली होती. वाडीत बंगला बांधला. वाडी राखायला अंबाजी होता. त्याच्या बापानं लावलेले माड आता त्याच्या डोक्यावर डुलत होते. अंबाजीची आई ठमाबाई, सत्तरी ओलांडलेली, पण कोयता तिच्या हातातून सुटला नव्हता.

शेठ पहिल्यांदा वाडीत आले तेव्हा ठमाबाईनं त्यांच्यापुढं शहाळं ठेवलं. शेठ म्हणाले, "आजी, साधं पाणी दिलं तरी चाललं असतं." ठमाबाई म्हणाली, "बाबा, चालत न्हाय." आमच्या किनाऱ्यावरच्या वाड्यांतलं पाणी मचूळ. झाडांना ते मानवतं, माणसाच्या तोंडाला येत नाही. म्हणून वाडीत जो पहिल्यांदा पाऊल टाकतो त्याला विहिरीचं पाणी द्यायचं नाही, शहाळं द्यायचं. मग तो सोयरा असो, तलाठी असो, की हद्दीवरून भांडायला आलेला भाऊबंद असो. आधी शहाळं, मग भांडण.

एकोणपन्नासच्या दिवाळीनंतर रेवसहून चार बैलगाड्या पेट्या घेऊन आल्या. पेट्या फोडल्या तेव्हा अर्धं गाव कुंपणाला लागलं होतं. आतून निघालं इंजिन. खेळण्यातलं नव्हे. हिरवंगार, पितळी पट्ट्यांचं, माणूस आडवा झोपला तर जेवढा लांब, आणि उंचीला गुडघ्याच्या वर. आतला बॉयलर खरा, भट्टी खरी, कोळसा खरा. वीतभर अंतरावरचे दोन रूळ, आणि मागं सहा डबे. डबे म्हणजे गादी लावलेल्या लांबट फळ्या, ज्यांवर घोड्यावर बसल्यासारखं पाय टाकून बसायचं. साहेबांच्या देशात बागेतून अशा गाड्या फिरवतात, असं शेठनी सांगितलं.

"फिरून जातात कुठं?" अंबाजीनं विचारलं.

"कुठंच नाही. निघाली तिथंच परत येते."

अंबाजीनं रहाटाच्या बैलाकडे पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

ही गाडी चालवणार कोण, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. सगळी कुंपणाची माणसं एकाच दिशेला वळून रावजीकडे बघायला लागली.

"रावजीदा, अठ्ठावीस वर्सं तू तिच्यामागं गेलास," अंबाजी म्हणाला, "आता ती तुझ्यामागं आली."

"ती पोरांची गाडी हाय," रावजी म्हणाला. "मोठ्या इंजिनाचा हात लहानाला बसत न्हाय."

"का बरं?" असं म्हणाला मोरू. मोरू गावातला नारळ पाडणारा. त्याचं बोलणंही नारळासारखं वरून खाली पडायचं. "म्हशीचं दूध काढणाऱ्याला शेळीचं काढता येत न्हाय काय?"

"शेळीचं निराळं असतं."

"लाथ लहान असती, एवढंच."

माणसं हसली. शेठही हसले आणि म्हणाले, "रावजी, तुमच्यासारखा माणूस गावात आहे हे कळलं तेव्हाच मी ही गाडी इथं आणायचं ठरवलं. नाहीतर लोणावळ्याला नेणार होतो."

घरी बायजानं ताट वाढलं आणि समोर बसली. "शेठनी मुंबईहून दुसरा माणूस आणला तर मी विहिरीवर कुठल्या तोंडानं जाऊ? ड्रायव्हर घरात, आन् गाडी हाकायला परका." रावजीनं घास गिळला. सत्तावीस वर्षांपूर्वी जे एका वाक्यात सांगता आलं असतं त्याला आता सगळी रात्र पुरली नसती. तो म्हणाला, "जाईन उद्यापासून."

तो गेला, आणि त्याला येत होतं ते काम त्यानं सुरू केलं. तो इंजिन पुसू लागला. एक महिना पुसलं. एकेक खिळा सोडवून, केरोसिनात धुऊन, खोबरेल लावून, पुन्हा बसवून. साहेबाच्या हातची विलायती काजळीसुद्धा त्यानं राहू दिली नाही. शनिवारी लाँचनं शेठ यायचे, इंजिनात स्वतःचं तोंड बघायचे आणि विचारायचे, "केव्हा सुरू करायचं?" रावजी म्हणायचा, "नव्या जागी आलंय. जागा मानवू द्यावी लागते." शेठना हे फार खोल वाटायचं. मुंबईत ते हेच मित्रांना सांगायचे.

दरम्यान रूळ टाकायचे होते. शेठनी मुंबईहून मोजणीदार आणला. त्यानं दुर्बीण लावली, माडांच्या मधून खुंट्या मारल्या, आणि दोन दिवसांनी सांगितलं की जमीन फार वरखाली आहे, भराव घालावा लागेल. अंबाजी त्याच्या मागं उभा होता. तो म्हणाला, "पाटाच्या कडेनं टाका." विहिरीपासून सगळ्या वाडीला वळसा घालून झाडांना पाणी पोचवणारा तो पाट त्याच्या आजोबांनी खणला होता. "पाण्याला चढ चढता येत न्हाय. ते सपाटीनंच जातं. पाण्यानं एकदा मोजलंय, तुम्ही पुन्हा कशाला मोजता?" मोजणीदारानं दुर्बीण लावून बघितलं आणि दुर्बीण पेटीत ठेवली. रूळ पाटाच्या कडेनं गेले. सहाशे फुटांचा वळसा, दोन लाकडी पूल, आणि बंगल्यासमोर पत्र्याच्या छपराखाली स्टेशन.

आता रावजीला सांगायला काही उरलं नाही. शेठनी दिवस ठरवला, सव्वीस जानेवारी. त्या साली देशात नवं राज्य सुरू होत होतं आणि त्याच दिवशी साहेबाची गाडी देशी ड्रायव्हर चालवील, असं शेठनी मित्रांना पत्रं लिहून कळवलं. पत्रं त्यांच्याच छापखान्यात छापली. त्यांत रावजीचं नाव होतं, आणि नावापुढं तो शब्द होता.

पंचवीस तारखेला शेठ एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले. "रावजी, यात पाण्याचं फार लिहिलंय. बॉयलरला गोडं पाणी लागतं. खारं, मचूळ अजिबात चालत नाही. तुम्हाला मी काय सांगणार म्हणा."

रावजीला हे खरोखरच माहीत होतं. वाईट पाण्याचं इंजिन आतून कसं माखतं हे त्यानं आयुष्यभर खरवडलं होतं. त्यानं अंबाजीला सांगितलं, उद्या सकाळी देवळामागच्या विहिरीचं पाणी आणायचं, गोडं, कपड्यानं गाळून, दोन हंडे.

सव्वीसला सकाळी रावजी निळा गणवेश घालून वाडीत आला. दवाखान्यात निघालेल्या माणसासारखे त्याचे पाय पडत होते. अजून कोणी आलं नव्हतं. अंबाजी हंडे आणायला देवळाकडे गेला होता. छपराखाली इंजिन उभं होतं आणि इंजिनाशी ठमाबाई बसली होती. तिच्याभोवती शहाळ्यांची टरफलं पडली होती. तिनं इंजिनाला हळदकुंकू लावलं होतं आणि आता डाव्या हातानं पितळी नरसाळं धरून उजव्या हातानं ती एकेक शहाळं त्यात रिकामं करत होती. मोरूकडून तिनं पहाटेच बारा शहाळी काढून घेतली होती, सगळी कोवळी.

तिच्या डोक्यात काही चूक नव्हती. गोडं पाणी पाहिजे असं शेठ म्हणाले होते. वाडीत त्याहून गोडं पाणी नव्हतं. आणि नवा पाहुणा आज पहिल्यांदा पाणी पिणार होता. त्याला हंड्यातलं पाणी देणं हे ठमाबाईच्या हातून झालं नसतं.

रावजी दहा पावलांवर माडाआड थांबला.

त्याला कळलं, हे इंजिन आता चालणार नाही. साखरेचं पाणी, ते आत फेसाळेल, चिकटेल, दोन हात जाऊन थांबेल. आणि थांबलं तर दोष पाण्याचा. ड्रायव्हरचा नाही. सत्तावीस वर्षं तो ज्या दिवसाला भीत होता तो दिवस एक म्हातारी नरसाळ्यातून ओतून टाकत होती. हाक मारायला त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं. तो मागं फिरला, समुद्राकडे गेला आणि सगळी शहाळी संपतील एवढा वेळ तिथं उभा राहिला.

परत आला तेव्हा ठमाबाई टरफलं गोळा करत होती. "रावजी, पाजलंय रे मी त्याला," ती म्हणाली. "व्हय," रावजी म्हणाला. अंबाजीचे हंडे आले ते पाहुण्यांच्या चहाला गेले.

नऊ वाजता माणसं जमली. मुंबईचे पाच पाहुणे, आणि मागं सगळं गाव. बायजा पुढं होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. मोरू एका माडावर चढून बसला होता, कारण त्याच्या मते खाली बसणाऱ्याला अर्धंच दिसतं. रावजीनं भट्टी पेटवली. तेवढं त्याला येत होतं. शेडमध्ये पहाटेची भट्टी पुष्कळदा पुसणारेच पेटवत. वाफेचा काटा चढू लागला. रावजी काट्याकडे बघत होता आणि काटा आता थांबेल, आता थांबेल म्हणून वाट बघत होता. काटा लाल रेघेशी गेला आणि वरच्या झडपेतून वाफ फुसफुसली. वाडीभर माडाचा पाक आटवल्याचा वास पसरला.

"काय गोड वास आहे," एक पाहुणे म्हणाले.

"विलायती कोळसा," शेठ म्हणाले.

शेठ आणि पाहुणे डब्यांवर बसले. रावजी सगळ्यांत पुढं, इंजिनाला लागून. त्याच्यासमोर दोन दांडे होते. वरचा वाफ सोडायचा, हे सगळ्यांना दिसण्यासारखं होतं. दुसरा बाजूचा, मागंपुढं होणारा. तो त्यानं मोठ्या इंजिनांवर हजारदा पुसला होता आणि तो कशासाठी असतो हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. तो पुढं ढकललेला होता. त्यानं तो तसाच ठेवला. शेठनी हिरवा रुमाल हलवला. रावजीनं मनातल्या मनात ग्रामदेवीला नारळ कबूल केला, गाडी चालू नये म्हणून, आणि वरचा दांडा ओढला.

गाडी चालली.

आधी धक्का देऊन, मग धडधडत, मग अशी की पहिल्याच वळणावर पाहुण्यांच्या टोप्या पाटात पडल्या. धुराड्यातून पांढरा फेस उडत होता आणि दुतर्फा उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर पडत होता. लोकांना वाटलं, आगगाडीचं असंच असतं. स्टेशन आलं. रावजीनं दांडा मागं लोटला. दांडा हलला नाही. पाक त्याला आतून धरून बसला होता. रावजीनं दोन्ही हातांनी लोटला. स्टेशन गेलं.

"एक," माडावरून मोरू ओरडला.

ब्रेक शेवटच्या डब्याला होता आणि त्यावर शेठचे एक वकील मित्र बसले होते. ब्रेकची मूठ त्यांच्या पोटाखाली गेली होती. रावजी मागं वळून काहीतरी म्हणाला, पण चाकांच्या आवाजात शेठना ते "कसं काय" असं वाटलं आणि त्यांनी हात वर करून "छान" असं दाखवलं. दोन. तीन. चौथ्या फेरीला रावजीनं दांडा सोडून दिला. तो ताठ बसला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि समोर बघू लागला. दर फेरीला बायजा त्याच्यासमोरून जायची आणि दर फेरीला तिची मान थोडी अधिक ताठ झालेली असायची. पुलांवर गाडी उडायची. वकिलांनी डोळे मिटले होते. मोरूचे आकडे ऐकून खालची माणसंही मोजू लागली. सात. आठ. भट्टीत कोळसा कुणी टाकला नव्हता. ती विझत चालली होती. दहाव्या फेरीला गाडी धापा टाकू लागली, आणि अकरावी संपता संपता पत्र्याच्या छपराखाली, जिथून निघाली होती तिथून हातभर अलीकडे, एक लांब सुस्कारा टाकून थांबली.

शेठ उतरले, पुढं आले आणि स्वतःच्या गळ्यातला हार त्यांनी रावजीच्या गळ्यात घातला. "स्टेशनात थांबवली," ते पाहुण्यांना म्हणाले, "बरोब्बर स्टेशनात."

त्यानंतर आठ दिवस गावात दुसरं बोलणं नव्हतं. रावजीनं इंजिन पुन्हा पेटवलं तर ते हललं नाही. आतून सगळं घट्ट बसलं होतं. शेठनी मुंबईहून एक फिटर आणला. हरेश्वर त्याचं नाव, मूळ श्रीवर्धनकडचा, कमी बोलणारा. त्यानं इंजिन खोललं. आतून तपकिरी खडा निघाला. त्यानं तो फोडला, हुंगला, आणि जिभेला लावला.

"गूळ कोणी घातला यात?"

"गूळ न्हाय," मागून ठमाबाई म्हणाली. "शहाळी. बारा." तिला वाटलं, पाहुणचार ओळखणारा माणूस भेटला.

शेठचा चेहरा बदलला. पाहुण्यांसमोर त्या गोड वासाला विलायती कोळसा म्हटल्याचं त्यांना आठवलं असावं. त्यांनी आवाज चढवला नाही. ते अंबाजीला म्हणाले, "होळीपर्यंत दुसरीकडे सोय बघा. मला वाडीत शहाणी माणसं पाहिजेत." अंबाजीनं वर माडांकडे बघितलं. ठमाबाई एकदा मुलाकडे, एकदा त्या तपकिरी खड्याकडे बघत राहिली. आपण काय वाईट केलं हे तिला समजत नव्हतं.

रावजी इंजिनाशी बसला होता. तो उठला. हातातला बोळा त्यानं नीट खाली ठेवला.

"शेठ, तिला बोल लावू नका. ती ओतत होती तेव्हा मी बघत होतो. मला ठाऊक होतं काय होणार. मी बोललो न्हाय, कारण गाडी चालू नये असं मला वाटत होतं. मी ड्रायव्हर न्हाय. मी इंजिन पुसायचो. अठ्ठावीस वर्सं पुसलं. कधी चालवलं न्हाय. त्या दिवशी गाडी मी चालवली न्हाय, ती चालली. मला थांबवता येत नव्हती."

सगळं त्यानं एका दमात सांगितलं, आणि सांगून झाल्यावर अंगावरून मोठी लाट जावी तसा तो उभा राहिला.

शेठचे डोळे भरून आले. "रावजी," ते म्हणाले, "एका म्हातारीचं घर वाचावं म्हणून तुम्ही स्वतःचं सगळं नाव मातीत घालता. मी बसलो होतो तुमच्या मागं. अकरा फेऱ्या. मला शिकवता तुम्ही, ड्रायव्हर कोण आणि कोण नाही?" ते अंबाजीकडे वळले. "राहा इथंच. माझीच चूक झाली."

"शेठ, मी खरं बोलतोय," रावजी म्हणाला.

"बस. अजून लाजवू नका."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. विहिरीवर बायजाला आता पुढं नेऊन तिची घागरही उचलून दिली. रावजी घरी आला तेव्हा ती म्हणाली, "कमीपणा घेतलात ते बरं केलंत. पण एवढा नको घ्यायला होता. म्हणे, इंजिन पुसायचो."

"अगं, पुसायचोच."

"खरं असतं तर सत्तावीस वर्सांत बोलला नसता?" बायजा म्हणाली आणि चुलीकडे वळली.

हरेश्वर वाडीत तीन दिवस राहिला. रावजी त्याच्या हाताखाली पाकाचे थर खरवडत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, दोघंच असताना, हरेश्वर नळीवरून डोळा न काढता बोलला, "दांडा अडकला होता. समजलं. बाजूचा मधोमध का नाही आणलात? वाफ असती तरी गाडी उभी राहिली असती."

रावजी बोळा फिरवत राहिला. मग म्हणाला, "मधोमध आणला की उभी राहते?"

हरेश्वरनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. त्याच्या बोटांकडे, बोळा धरण्याच्या रीतीकडे. त्या हाताला इंजिनाचा प्रत्येक कानाकोपरा ठाऊक होता, हे त्याला दोन दिवस दिसतच होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं देवळामागच्या विहिरीचं पाणी भरलं, भट्टी पेटवली आणि शेठना बंगल्यात निरोप पाठवला की तपासणीला वेळ लागेल, कुणी येऊ नये. मग रावजीला पुढं बसवलं आणि स्वतः मागं बसला. "ओढा. एवढा नको. दोन बोटं. आता बाजूचा हळूहळू मागं. वळणाच्या आधी वाफ बंद, ती आपोआप जाते. ऐका. ऐकू येतं?" सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ते दोघं त्या सहाशे फुटांत फिरत होते. पंचावन्न उलटलेला रावजी त्या दिवशी इंजिन चालवायला शिकला. चौथ्या दिवशी हरेश्वर रेवसला लाँचमध्ये बसला. कुणाला काही बोलला नाही.

पुढं दहा वर्षं रावजीनं ती गाडी चालवली, आणि फार सुरेख चालवली. निघताना धक्का नाही. पूल आला की पाटातल्या पाण्यावर सुरकुती उठायची नाही. आजारी माणसाला कूस बदलून द्यावी तशी तो ती वळणावरून नेई, आणि जिथं माणसाला पाय टेकवायला बरं पडेल नेमकं तिथं उभी करी.

आणि गावाचं मत झालं की रावजी थकला.

"तेव्हाची धाव राहिली न्हाय," मोरू माडावरून उतरल्यावर सांगायचा. त्यानं स्वतः आकडे मोजले होते, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. अकरा फेऱ्यांची गोष्ट ऐकून मुंबईहून पाहुणे यायचे, एक फेरी बसायचे आणि उतरताना शेठना म्हणायचे, "वय झालं बिचाऱ्याचं." शेठ रावजीच्या खांद्यावर हात ठेवायचे. "तुम्ही करून दाखवलंय, रावजी. आता हळू चाललं तरी चालेल." ड्रायव्हर हे नाव त्याला अजून होतं, पण ते आता एखाद्या जुन्या लढाईसारखं घेतलं जायचं.

बायजा त्या गाडीत कधी बसली नव्हती. लोक हसतील, नवऱ्याच्या गाडीत मिरवते म्हणतील. साठ साली तिचे गुडघे धरले आणि एका दुपारी, वाडीत परकं कुणी नसताना, रावजीनंच तिला आणून पहिल्या डब्यावर बसवलं, आपल्या पाठीमागं. बायजानं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. त्यानं दोन बोटं वाफ सोडली. गाडी निघाली ती निघाल्याचं कळलंही नाही. माडांच्या सावल्या त्यांच्या अंगावरून एकामागून एक गेल्या. दोन्ही पूल गेले. विहिरीपाशी बैल उभा होता, त्यानं कान हलवला. सगळा वळसा घालून रावजीनं वाफ तोडली, गाडीला तिच्या ओढीनं येऊ दिलं, आणि छपराखाली अशी उभी केली की बायजाच्या हातातला सदऱ्याचा कोपरा ना ताणला, ना सुटला.

बायजानं सदऱ्याचं टोक सोडलं. मग म्हणाली, "माझ्यासाठी हळू चालवलीत व्हय? मी काय भीत न्हाय. लोकांसाठी चालवता तशी चालवायची."

रावजीनं कपाळावरचा घाम पुसला.

"बस तशीच," तो म्हणाला. "अजून एक फेरी मारू."